मार खाणारा नायक आणि आपली तारणाची कल्पना

चित्रपटासारख्या विषयावर या पत्रिकेने पाने खर्च करावीत काय, अशी शंका आमच्या काही धर्मबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा हुकूमनामा प्रसृत केला, तेव्हाच या शंकेचे तत्त्वतः निरसन झाले आहे. तथापि प्रस्तुत लेखाचे कारण अधिक जवळचे आहे. गेल्या उपवासकाळात नौबाद येथील आमच्या युवकांनी एका घरी जमून ‘भावेश जोशी सुपरहीरो’ हा हिंदी चित्रपट पाहिला व आम्हांसही आग्रहाने बोलावले. चित्रपट संपल्यावर जो वाद झाला तो रात्री उशिरापर्यंत चालला. त्या वादात जे प्रश्न निघाले ते कलेचे कमी आणि तारणशास्त्राचे अधिक होते, असे आमचे मत झाले.

प्रथम चित्रपटाविषयी थोडे. विक्रमादित्य मोटवाने यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यांचा पहिला चित्रपट ‘उडान’ (२०१०) अनेकांच्या स्मरणात असेल. प्रस्तुत कथा मुंबईच्या उपनगरात घडते. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात भारावलेले सिकू, भावेश व रजत हे तीन मित्र कागदी पिशव्या तोंडावर चढवून लहानसहान अन्याय चव्हाट्यावर आणतात. वर्षे सरतात, उत्साह ओसरतो; सिकू नोकरीत स्थिरावतो आणि परदेशी जाण्याच्या ओढीने पासपोर्टच्या पडताळणीसाठी लाच देतो. भावेश मात्र हट्टाने जुन्याच वाटेवर राहतो. लाचेच्या प्रकरणावरून मित्रांत फूट पडते. पुढे भावेशला पाणीचोरीचा छडा लागतो: लोकांच्या नळाचे पाणी मधल्यामध्ये वळवून टँकरने विकले जात आहे आणि त्यामागे राजकीय सत्ता आहे. त्याच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारला जातो आणि चित्रपट अर्ध्यावर आला असताना त्याचा बळी जातो. मित्राच्या मृत्यूने खचलेला सिकू मग स्वतः मुखवटा धारण करतो, कराटे शिकतो, मोटारसायकल सिद्ध करतो आणि सूडाच्या मार्गाने निघतो.

हा चित्रपट चित्रपटगृहांत चालला नाही. त्याच दिवशी ‘वीरे दी वेडिंग’ हा मोठ्या तारकांचा, हलकाफुलका चित्रपट लागला होता आणि गर्दी तिकडे गेली. पाहणाऱ्यांतही एकमत नव्हते. कोणास तो लांबलेला, अंधारलेला व निराश करणारा वाटला. कोणास तो आपल्या शहराचे खरे दुःख सांगणारा वाटला. पुढे घरोघरी पडद्यावर उपलब्ध झाल्यानंतर त्याला जिव्हाळ्याने जपणारा एक प्रेक्षकवर्ग लाभला.

नौबादच्या त्या खोलीतही हेच दोन तट पडले. १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ पाहत वाढलेला एक गृहस्थ वैतागून म्हणाला, “फादर, हा कसला सुपरहीरो? उडत नाही, काही नाही. मार खातो आणि मरून जातो!” आमच्या वयोवृद्ध धर्मशिक्षकांचा आक्षेप निराळा होता. “मुलांना आशा द्यायची की हा काळोख दाखवायचा?” असे त्यांनी विचारले. उलट महाविद्यालयात शिकणारी काही मुलेमुली डोळे पुसत होती. भावेशच्या मृत्यूने ती हेलावली होती आणि सिकूने शत्रूवर घातलेल्या प्रत्येक घावाबरोबर ती सुखावतही होती. टँकर चालवून पोट भरणारे एक बंधू मात्र कोणत्याच तटात बसेनात. ते एवढेच म्हणाले, “सिनेमात टँकरवाला म्हटला की गुंडच. माझ्याच घरी पाणी एक दिवसाआड येतं, ते कोण दाखवणार?”

वरवर पाहता वैतागलेले आणि हेलावलेले प्रेक्षक परस्परविरोधी आहेत. आमच्या मते त्यांच्यात मुळात एकवाक्यता आहे. तारणारा तो मारणारा असला पाहिजे, ही दोघांचीही अपेक्षा आहे. पहिल्यांना ती अपेक्षा पुरी न झाल्याचा राग आहे, दुसऱ्यांना ती उत्तरार्धात पुरी झाल्याचे समाधान आहे. कालवरीवर क्रूसाखाली उभे राहून ‘खाली उतरून दाखव’ म्हणणाऱ्यांची अपेक्षा याहून वेगळी नव्हती. आणि ज्याने अंधारात तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा कान छाटला तो निंदक नव्हता, प्रभूवर मनापासून प्रेम करणारा शिष्यच होता, हेही विसरून चालणार नाही.

येथे आमच्या बंधूंना एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. निरपराध मनुष्य मार खातो आणि मरतो, असे कोठेही दिसले की हा ख्रिस्ताचा प्रतीकपुरुष, असे म्हणून प्रवचन उरकण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. त्यात कलाकृतीवर अन्याय होतो आणि ख्रिस्तशास्त्रही पातळ होते. भावेश जगाचे पाप वाहत नाही, तो एक साक्षीदार आहे. पवित्र शास्त्रात त्याचा सगा शोधावयाचा तर तो कालवरीवर न शोधता इज्रेल येथील द्राक्षमळ्यात शोधावा. १ राजे, अध्याय २१ मधील नाबोथाकडे वाडवडिलांची जमीन आहे आणि राजा अहाब याला ती हवी आहे. ईजबेल सरळ बळाने ती घेत नाही. ती दोन भाडोत्री साक्षीदार उभे करते आणि नाबोथाने देवाची व राजाची निंदा केली असा आरोप ठेवविते. धर्मद्रोह आणि राजद्रोह, दोन्ही एकदम! त्यानंतर दगड मारावयास गावचे लोकच पुढे होतात. लोकांच्या हक्काच्या वस्तूचे रक्षण करणाऱ्यालाच लोकांचा शत्रू ठरवावयाचे, ही युक्ती अशी पुरातन आहे. चित्रपटाचा पूर्वार्ध ती युक्ती इतक्या नेमकेपणाने उघडी करतो की, नाबोथाचा अध्याय शिकविताना त्याचा दाखला देण्यास आम्हांस संकोच वाटणार नाही.

उत्तरार्धाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. नाबोथाच्या कथेत खुनानंतर एलीया येतो. कार्मेलनंतर किशोन ओहोळापाशी तलवार चालविणारा हाच एलीया, पण येथे तो रिकाम्या हातांनी येतो. त्याच्या तोंडावर मुखवटा नाही. ज्या मळ्याचा ताबा घ्यावयास राजा उतरला आहे त्याच मळ्यात तो राजाला गाठतो आणि खून व चोरी या दोन शब्दांनी त्याच्या कृत्याचे नाव घेतो. परिणाम असा होतो की अहाब आपली वस्त्रे फाडतो. ईजबेलीच्या पतीला क्षणभर का होईना, पश्चात्ताप शिवतो. मुखवट्याआडच्या मुठीने हे कधी साधले नसते. मूठ शत्रूला पाडू शकते, परंतु त्याला स्वतःकडे पाहावयास लावू शकत नाही. सिकू मुखवटा चढवितो तेव्हा चित्रपटाला गती येते. मोटारसायकलचा पाठलाग प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणतो यात संशय नाही. परंतु ज्या प्रश्नाने चित्रपट सुरू झाला तो प्रश्न तेथे मागे पडतो. साक्षीदाराच्या मृत्यूनंतर साक्ष पुढे कशी चालवावी, या प्रश्नाला साक्षीनेच उत्तर देण्याचे धैर्य चित्रपटाला झालेले नाही.

मराठी प्रेक्षकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. या चित्रपटातील पाणीचोर पुढारी निशिकांत कामत यांनी रंगविला आहे. त्यांनीच २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ दिग्दर्शित केला होता. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेला त्यातील माधव आपटे हा सरळमार्गी नोकरदार एके दिवशी क्रिकेटची बॅट उचलतो आणि दिसेल त्या अन्यायावर हाणू लागतो. त्यावेळी आम्हीही, खरे सांगावयाचे तर, मनातल्या मनात टाळ्या वाजविल्या होत्या. कामत २०२० मध्ये निवर्तले. बॅट उगारणाऱ्या सामान्य माणसाची कथा ज्याने सांगितली, त्याच कलावंताने पुढे त्या माणसाच्या शत्रूला चेहरा द्यावा, हा योगायोग मननीय आहे. संतापाला अन्याय दिसतो खरा, पण तो दूर कसा करावा हे त्याला ठाऊक नसते.

आता धर्मशिक्षकांच्या आक्षेपाकडे वळू. काळोख दाखवावा काय? आम्ही आमच्या परीने उत्तर देतो की दाखवावा. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधाराच्या शब्दावरच संपते; इतर विलापस्तोत्रांप्रमाणे त्याच्या शेवटी स्तुतीचे वळण नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते वगळले नाही. दर शुक्रवारच्या निद्रापूर्व प्रार्थनेत आपण धर्मगुरू ते म्हणत आलो आहोत. ज्या समूहाला हे स्तोत्र म्हणता येते त्याने काळोख्या चित्रपटाला भिण्याचे कारण नाही. त्या स्तोत्रातील मनुष्य अंधारातूनही कोणालातरी हाक मारीत आहे. काळोखाला धैर्याने सामोरे जाणे आणि काळोखात मुक्काम करणे यांतील अंतर तेथे आहे. सिकू कोणालाच हाक मारीत नाही. त्याचे दुःख आम्हांस खरे वाटले, पण त्याचा एकाकीपणा खरा वाटला नाही. ज्या वस्तीचे पाणी चोरीस गेले ती वस्ती, हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या बायका, नायकाच्या लढाईत केवळ पार्श्वभूमी होऊन राहतात.

येथपर्यंतचे विवेचन आम्ही त्या रात्रीही थोडेफार केले. तेव्हा मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, “फादर, सिकूने पैसे दिले नसते तर पासपोर्ट मिळाला असता का? तुम्ही काय केलं असतं?” आम्ही सदसद्विवेकबुद्धीविषयी चार सर्वसाधारण वाक्ये बोललो आणि सभा विसर्जित केली. घरी गेल्यावर झोप आली नाही.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, आमच्या देखरेखीखालील वसतिगृहाची नळजोडणी कागदपत्रांत अडकली होती. उन्हाळा तोंडावर होता आणि मुले तहानेली राहतील ही भीती खरी होती. एका मध्यस्थाने ‘चहापाण्या’ची रक्कम सुचविली, ती आम्ही दिली. आठवड्याभरात पाणी आले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही वेदीवरून त्या पाण्याबद्दल देवाचे आभारही मानले. आमच्या पुढे नंबर लावून बसलेल्या कोणाची जोडणी त्यामुळे मागे पडली, याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही. पाण्याच्या चोरीत मोठा चोर आणि लहान चोर एकाच जलवाहिनीला जोडलेले असतात. हे या चित्रपटातील सर्वांत सखोल सत्य आहे आणि ते कोणत्याही पाठलागात न येता सिकूच्या पासपोर्टच्या त्या लहानशा प्रसंगात येते. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे त्या मुलांना सांगितले. काही क्षण कोणी बोलले नाही. मग टँकर चालविणारे ते बंधू हळूच म्हणाले, “आता रांगेत तुम्ही पण आमच्यासोबतच.”

चित्रपटाने वगळलेली आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मुंबईचे पाणी मुंबईत मुख्यतः येते ते बाहेरून. तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरातील चोराचे पाणी परत मिळविले तरी हा अन्याय उरतोच. त्याला कोणी एक खलनायक नाही, म्हणून मुखवटा घालून त्याच्याशी लढताही येत नाही.

याउलट आम्हां नौबादकरांच्या पायाखाली एक वेगळा धडा आहे. बहमनी राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बीदरला आली. त्या काळात इराणी पद्धतीची करेझ येथे खोदली गेली. जांभ्या खडकातून नेलेला हा भुयारी मार्ग केवळ उताराच्या बळावर पाणी वाहून नेतो आणि ठरावीक अंतरावरील उभ्या विहिरींतून माणसांना खाली उतरता येते. उतरावयाचे ते गाळ काढण्यासाठी. पुढे देखभाल सुटली, तोंडे बुजली, कचरा साचला आणि करेझ विस्मृतीत गेली. २०१० च्या दशकात पुन्हा गाळ उपसण्याचे काम झाले तेव्हा तिचे महत्त्व नव्या पिढीला कळले. आमोस संदेष्ट्याने न्यायाला न आटणाऱ्या प्रवाहाची उपमा दिली आहे. तो प्रवाह एखाद्या वीराच्या पराक्रमाने वाहत नाही. पुष्कळ हातांनी वेळोवेळी गाळ काढावा लागतो, आणि त्या गाळात आपल्या वाट्याचाही असतो.

तेव्हा आमच्या धर्मबंधूंना व धर्मशिक्षकांना आमची शिफारस अशी. प्रौढ युवकांबरोबर हा चित्रपट अवश्य पाहावा. हिंसा आहे, म्हणून लहान मुलांना दाखवू नये. नाबोथाचा अध्याय आधी वाचावा. पाहून झाल्यावर नायक आवडला की नाही एवढ्यावर चर्चा थांबवू नये. आपण कोणकोणत्या रांगा मोडल्या आहेत, हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर प्रथम आपण स्वतः द्यावे. आम्ही ते उशिरा दिले. इतरांनी तेवढा उशीर करू नये.