वन्य थाइम : वनस्पतीचे नाव आणि औषधाचा दावा

वन्य थाइमवरील संशोधननिबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. वनस्पती गोळा करून वाळवावी, ऊर्ध्वपातनाने तेल काढावे, गॅस क्रोमॅटोग्राफीने घटकांची यादी करावी, जीवाणूंच्या थरावर तेल ठेवून भोवती उमटणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजावा आणि अखेरीस या वनस्पतीत मोठी औषधी क्षमता असल्याचे लिहावे. निबंधांची संख्या मोजली जाणाऱ्या काळात हा साचा सोयीचाच आहे. त्यातील प्रत्येक पायरी शास्त्रशुद्ध असू शकते. आक्षेप आहे तो शेवटच्या विधानाला. विधान केले जाते वनस्पतीविषयी, पुरावा मात्र एका नमुन्याच्या तेलाचा असतो.

प्रथम नावाचा प्रश्न. थायमस सर्पिलम हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. हिमालयातील थाइम जुन्या ग्रंथांत याच नावाने नोंदले गेले. आज ते थायमस लिनिॲरिस म्हणून वेगळे मानतात. हिंदीत त्याला बनअजवायन म्हणतात. जुने नाव निबंधांतून पुरते गेलेले नाही, आणि त्याच्या आधारे युरोपीय वनस्पतीचे गुण हिमालयातील वनस्पतीला परस्पर बहाल केले जातात.

जाती एक असली म्हणून तेलही एक असते, असे नाही. दक्षिण फ्रान्समध्ये रानात वाढणाऱ्या थायमस व्हल्गॅरिसचे सहा रासायनिक प्रकार आढळतात. काहींच्या तेलात थायमॉल वा कार्व्हाक्रॉल प्रधान, तर काहींच्या तेलात लिनालूल, जेरॅनिऑल यांसारखी अल्कोहोले. हा भेद आनुवंशिक असून थंडीशी निगडित आहे : फिनॉलयुक्त प्रकारांना हिवाळ्यातील कडक गोठण सोसत नाही. हिवाळे सौम्य झाल्यावर हेच प्रकार पूर्वीच्या थंड जागांत शिरल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. एस्टोनियातील थायमस सर्पिलमच्या बहुतांश नमुन्यांत तर नेरोलिडॉल, कॅरिओफिलीन अशी द्रव्ये प्रमुख असून थायमॉल अल्प आहे. अशा वेळी 'वन्य थाइम जंतुनाशक आहे' या वाक्यातील वन्य थाइम नेमके कोणते?

दुसरा प्रश्न मात्रेचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. काचपात्रात जीवाणूंची वाढ रोखण्यास थायमॉल सामान्यतः मिलिलिटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी व्यक्तींना १.०८ मिलिग्रॅम थायमॉल असलेली थाइमची मात्रा देण्यात आली. रक्तद्रवात मुक्त थायमॉल सापडलेच नाही. सापडले ते थायमॉल सल्फेट, तेही अधिकतम सुमारे ९३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. हजारो पटींची ही तफावत वर्तुळाचा व्यास कितीही मोठा आला तरी भरून निघत नाही. तोंडात वा त्वचेवर तेल थेट लावण्याची गोष्ट निराळी.

याचा अर्थ थाइम निरुपयोगी आहे, असा नव्हे. तीव्र श्वासनलिकादाहाच्या ३६१ रुग्णांवरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत खोकल्याच्या उबळी औषध घेणाऱ्या गटात सुमारे ६९ टक्क्यांनी, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्या गटात सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु ते औषध थाइम आणि आयव्ही यांच्या अर्कांचे मिश्रण होते. त्याचे श्रेय एकट्या थाइमला देता येत नाही, मग वन्य थाइमला तर नाहीच. युरोपीय औषधकोशही या दोहोंत फरक करतो : सामान्य थाइमच्या पाल्यात किलोमागे किमान १२ मिलिलिटर तेल हवे, वन्य थाइमसाठी ३ मिलिलिटर पुरते.

थायमॉलच हवे असेल, तर आपल्या घरचा ओवा आहेच. त्याच्या फळांत दोन ते चार टक्के तेल असते आणि त्यात थायमॉल बहुधा प्रधान असते. पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल काढण्यासाठी भारतीय ओवा जर्मनीत जात असे. शेतात पिकणाऱ्या या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यासाठी हिमालयाच्या उतारावरील, हळू वाढणारी झुडपे उपटण्याचे समर्थन करणे कठीण आहे. ओवा कोथिंबिरीच्या कुळातील, थाइम तुळशीच्या. म्हणून वन्य थाइमचा स्वतंत्र अभ्यास व्हायचा असेल तर तो रोझमॅरिनिक आम्ल, ल्युटिओलिनची ग्लायकोसाइडे आणि फिनॉलविरहित रासायनिक प्रकार यांचा व्हावा. लोक प्रत्यक्षात पितात तो काढा, आणि त्यात तेल थोडेच उतरते. ही जलविद्राव्य द्रव्ये मात्र उतरतात. प्रयोगशाळेत तपासले जाते ते बहुधा तेल.