जाहिरातीतला कारखाना आणि दारातला मुलगा

जाहिरात हा आता वाङ्मयाचाच एक प्रकार झाला आहे. कथा-कवितांवर आपण दिवाळी अंकांतून हिरीरीने लिहितो. पण ज्या चार ओळी वाचून बाप आपल्या पोराला आयटीआयला घालायचे की कॉलेजला हे ठरवतो, त्या ओळींची समीक्षा कोणी करीत नाही. म्हणून हा प्रपंच.

२५ सप्टेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘मेक इन इंडिया’ मोहीम सुरू केली. दातेरी चाकांचा, चालणारा सिंह हे तिचे बोधचिन्ह. चित्र म्हणून ते देखणेच आहे. परंतु ‘इथे बनवा’ असे जगाला सांगणारा हा सिंह वायडन अँड केनेडी या अमेरिकी जाहिरात संस्थेच्या भारतीय शाखेने घडवलेला. २०१६ मध्ये माहितीच्या अधिकारातून ते पुढे आले तेव्हा पुष्कळ हसे झाले. मला हा दोष किरकोळ वाटतो. खरी चूक आकड्यांत आहे. राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्के आणि २०२२ पर्यंत १० कोटी नवे रोजगार, हे उद्दिष्ट मुळात २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणातले. तेच नव्या सिंहाच्या पाठीवर बसवले गेले. २०२२ साल उलटले. वाटा २५ च्या जवळपासही गेला नाही. सिंहामुळे फार तर हसू झाले. आकड्यावर मात्र घरे आशा बांधून बसतात.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांत स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवण्याचे विधेयक संमत केले. १६ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या समाजमाध्यमावरील खात्यातून घोषणा झाली, की ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या १०० टक्के जागा कन्नडिगांना. विधेयकात मात्र व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा होत्या. घोषणा पुसून टाकावी लागली आणि १७ जुलैला विधेयकच स्थगित झाले. बाजारात तुरी, तशी गत!

या चुकीची भाषा पाहा. ‘क’ आणि ‘ड’ हे सरकारी नोकरीचे वर्ग. कारखान्यात फिटर असतो, टर्नर असतो, हेल्पर असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विधेयकाचा शब्द ‘स्थानिक उमेदवार’ आणि घोषणेचा शब्द ‘कन्नडिग’. राज्यात जन्म, पंधरा वर्षांचा रहिवास आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणे, ही विधेयकातली स्थानिकाची व्याख्या. वडगावच्या मागावर वाढलेला किंवा निपाणीत विड्या वळणाऱ्या आईचा मराठी मुलगा शाळेत कन्नड नीट शिकला, तर या व्याख्येत बसतो. घोषणेत त्याला जागा नाही. एका शब्दाच्या ढिलाईने चार पिढ्या इथे राहिलेले घर परके ठरते. सीमेपलीकडे ८० टक्के स्थानिकांची भाषा चालते, तिथे त्याच्याकडे महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखला नसतो. त्याने जावे कुठे?

प्रामाणिक जाहिरात कशी असते, हे बेळगावला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान थाटले ते याच शहरात. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती घोषणेने जाण्यासारखी नव्हती. नांगराला शेतात उतरूनच ती घालवावी लागली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी घराघरांत वाचले गेले. तिथे माल आधी होता, मजकूर मागून आला. आजच्या मोहिमांत मजकूर आधी येतो, कारखान्याची वाट पाहावी लागते.

तेव्हा पालकांनी रोजगाराची जाहिरात वाचताना तीन प्रश्न विचारावेत. आकडा कोणत्या वर्षीचा? जागा कोणत्या कामाच्या? आणि ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोण? मुलांना मराठीइतकेच कन्नडही चांगले शिकवावे. त्यात मराठीचा अवमान नाही, आणि स्थानिक म्हणून हक्क मागताना तेच हाताशी येईल.