येशूचे चरित्र आणि हेमिसची पोथी

येशूचे ऐतिहासिक चरित्र सिद्ध करताना साधनांची चिकित्सा प्रथम करावी लागते. पौलाची पत्रे इ. स. ५० च्या दशकातील, मार्काचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमाराचे; जोसेफस व टॅसिटस यांचे उल्लेख त्यानंतरचे. त्यांवरून योहानाकडून झालेला बाप्तिस्मा आणि पिलाताच्या कारकीर्दीतील क्रूसावरील मृत्यू, या घटना बहुतेक अभ्यासक निश्चित मानतात. येशूच्या तारुण्याविषयी मात्र ही साधने मौन पाळतात.

निकोलस नोटोविच यांनी १८९४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे मौन भरून काढले. येशूने भारतात बौद्ध धर्माचे अध्ययन केले, असे सांगणारी पोथी लडाखच्या हेमिस विहारात आपणास वाचून दाखविण्यात आली, असा त्यांचा दावा आहे. परंतु वचनांची मांडणी आपण स्वतः केल्याचे ग्रंथकारच सांगतात आणि मूळ पाठ देत नाहीत. कंजूर-तंजूरच्या सूचीत असा ग्रंथ नाही, हे मॅक्स म्यूलर यांनी त्याच वर्षी दाखविले. १८९५ मध्ये आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला गेले असता तेथील प्रमुख लामांनी अशा पोथीचे अस्तित्वच नाकारले.

येशू बुद्धाचा शिष्य ठरावा, हा मोह बौद्ध वाचकास होणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ ऐकीव वा ग्रंथस्थ म्हणून काही स्वीकारू नये, अशी कालामसुत्ताची शिकवण आहे. ललितविस्तरातील चमत्कारांना लावतो तीच कसोटी आपल्याला सुखावणाऱ्या कथेलाही लावली पाहिजे. करुणेच्या शिकवणीतील साम्य हा तुलनेचा विषय आहे. तो प्रवासाचा पुरावा नव्हे.