सोमकुवर आणि पावडे

अकलूजला आमच्या पोरांच्या बैठकीत कुमुद पावडेंच्या 'अंतःस्फोट'चा (१९८१) विषय निघाला की एकजण हमखास म्हणतो, "बाई संस्कृतवाली. भाषा पांढरपेशी. हे आपलं साहित्य कसं?" म्हणजे शिवी नाही, झोपडपट्टी नाही, तर विद्रोहही नाही! ही फूटपट्टी आपल्या हातात दिली कुणी?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. त्याच संस्कृतात नागपूरच्या महार घरातली पोरगी एम.ए. होते, पुढं सरकारी कॉलेजात शिकवते. याला विद्रोह नाही म्हणायचं तर कशाला?

पुस्तकातला संस्कृतवरचा लेख वाचा. लोक बाईंच्या विद्वत्तेचं कौतुक करतात आणि त्याच दमात जातीचा अचंबा करतात. गोखले गुरुजी मात्र कर्मठ असूनही मनापासून शिकवतात, आणि बाई ते मोकळेपणानं कबूल करतात. आमच्यातल्या काहींना हे खटकतं. मला तर इथंच लेखाचं बळ दिसतं. माणसाचं ऋण मानलं म्हणून व्यवस्थेला माफी मिळत नाही.

खरा घाव पुढं आहे. पदवी हातात, पण नोकरी नाही. वणवण झाली, पार दिल्लीपर्यंत पत्रं गेली. मग कुणबी समाजातल्या मोतीराम पावडेंशी लग्न झालं, आडनाव बदललं, आणि त्यानंतर नेमणूक आली. बाईंचा हिशोब रोखठोक आहे : नोकरी लागली ती पावडेंना, सोमकुवर अजून दाराबाहेरच उभी.

आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स आठवतात. अमेरिकेत कायदा शिकलेल्या, युनोत देशाच्या प्रतिनिधी. १९६३ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात हॉटेलवाल्यांनी त्यांना जेवण नाकारलं. कारण कातडी काळी. कॉलेज त्याच शहरात शिकलेल्या बाई! १९६९ ला त्या युनोच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि जग म्हणालं, ही पहिली आफ्रिकी स्त्री. त्याआधी दार कुणी अडवलं होतं, ते त्या 'पहिली'त कुठं दिसतं? पावडेबाई सत्काराचा हार गळ्यात असतानाच ते दाखवतात.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. कुठं कुठं वाक्य जड होतं, भाषणाच्या अंगानं जातं. पण अडवणाऱ्याला त्याच्याच भाषेत जाब विचारायचा, तर थोडं जड होणारच की.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचायचा आहे. 'पांढरपेशी' म्हणणाऱ्या गड्यानंच वाचावा.