‘अनुदान’ या संज्ञेची मर्यादा : उसाच्या दरासंबंधी एक चिकित्सा

साखरेच्या जागतिक व्यापाराविषयी मराठीत जे विवेचन होते, त्यात ‘अनुदान’ हा एकच शब्द तीन भिन्न अर्थांनी योजिला जातो. हा केवळ शब्दशैथिल्याचा दोष नव्हे. त्यायोगे युक्तिवादच आडमार्गाला लागतो.

पहिला अर्थ सरकारी तिजोरीतून होणाऱ्या खर्चाचा. २०१९-२० च्या हंगामात ६० लाख टन साखरेच्या निर्यातीसाठी केंद्र शासनाने टनामागे १०,४४८ रुपये साहाय्य जाहीर केले. येथे ‘अनुदान’ हा शब्द यथार्थ होय.

दुसरा अर्थ उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ साली दुरुस्ती होऊन हा दर आला. तो शासन ठरविते, परंतु देणे कारखान्याचे असते. चौदा दिवसांत रक्कम न दिल्यास त्यावर सालीना १५ टक्के व्याज लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी या रकमेस ‘बिल’ म्हणतो आणि तिच्या आरंभीच्या हप्त्यास ‘पहिली उचल’. दोन्ही शब्द हिशेबवहीतले आहेत. त्यांत दानाचा गंधही नाही.

तिसरा अर्थ जागतिक व्यापार संघटनेच्या कृषिकरारातील. तेथे शासनाने ठरविलेला दर आणि १९८६-८८ या काळातील स्थिर संदर्भ-किंमत यांतील फरकास पात्र उत्पादनाने गुणून ‘आधार’ काढतात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी २०१९ साली केलेल्या तक्रारींवर १४ डिसेंबर २०२१ रोजी अहवाल प्रसृत झाला. हा दर कारखाने देतात, शासन नव्हे, हा भारताचा बचाव त्यात अमान्य झाला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली, असा निष्कर्ष निघाला. भारताने अपील केले. परंतु अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच सदस्यांअभावी ठप्प आहे.

या निवाड्यावरील मराठी प्रतिक्रियांत दोन प्रमाद आढळतात. शेतकरी सरकारी पैशावर जगतो, असा एक. सरकार दमडीही देत नाही, सबब निवाडा निराधार, असा दुसरा. दोन्ही पक्ष ‘अनुदान’ शब्दातील ‘दान’ धरून बसतात. करारास दात्याशी कर्तव्य नाही. व्यापारावर होणाऱ्या परिणामाशी आहे. आणि तो परिणाम नाकारता येत नाही. साखरेचा बाजार उतरला तरी उसाचा दर उतरत नाही. म्हणून लागवड टिकते, साखर शिल्लक पडते आणि ती बाहेर घालविण्यास तिजोरी उघडावी लागते. २०१९-२० च्या योजनेत तर निर्यात-साहाय्य कारखान्याच्या वतीने थकीत ऊसबिलापोटी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची तरतूद होती. कारखान्याचे देणे आणि शासनाचे साहाय्य येथे एकाच खात्यावर येऊन मिळाले; संज्ञांचा गोंधळही तेथूनच बळावला.

खरा वादविषय निराळा आहे : तीन दशकांहून अधिक काळापूर्वीच्या स्थिर किमतीशी आजच्या दराची तुलना, मधल्या महागाईचा विचार न करता, न्याय्य ठरते काय? हा प्रश्न ‘अनुदान’ या शब्दाआड दडून राहतो. तिजोरीच्या खर्चास ‘अनुदान’, कारखान्यावरील बंधनास ‘दरहमी’ व करारातील गणितास ‘भावाधार’ अशी विभागणी केल्यास तो स्पष्टपणे मांडता येईल. अन्यथा ज्याचे चौदा दिवसांत देणे लागते, त्या ऊस-उत्पादकास याचक ठरविण्याचे काम भाषाच करीत राहील.