दादर, छुफू आणि माझं पाडलेलं प्रकरण

तुलनात्मक अभ्यास म्हटलं की आपण आधी साम्यं गोळा करत सुटतो. मीही तेच केलं होतं.

चीनमधल्या छुफू या गावात कन्फ्यूशियसचं मंदिर, त्याच्या वंशजांचा वाडा आणि घराण्याची दफनभूमी आहे. 1994 पासून ही तिन्ही मिळून एक जागतिक वारसास्थळ. इकडे आपल्या दादरला, पूर्वेच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं राजगृह आणि टिळक पूल ओलांडून पश्चिमेला, शिवाजी पार्कजवळ समुद्राकाठी चैत्यभूमी. विद्वान, त्याचं घर, त्याचं स्मारक, दर्शनाची रांग. झालं! 'दादरचं छुफू' असं मथळ्यात लिहून मी मोकळा. गाइडनी समासात एवढंच विचारलं, "इथे वारस कोण?"

प्रकरण तिथेच पडलं.

छुफूत उत्तर सरळ आहे: रक्ताचे. 1055 मध्ये सुंग दरबाराने थोरल्या वंशजाला दिलेला किताब विसाव्या शतकापर्यंत वंशपरंपरेने चालला. मंदिर आणि वाडा राजाश्रयावर वाढले.

दादरला कुटुंब आहेच, पण गोष्ट तिथे संपत नाही. राजगृह बांधताना बाबासाहेबांच्या मनात ग्रंथसंग्रह होता. 7 डिसेंबर 1956 ला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. स्तूपाचं उद्घाटन मीराताई आंबेडकरांनी केलं ते 5 डिसेंबर 1971 ला. आणि दर 6 डिसेंबरला रात्रभर रांगेत उभे राहणारे लाखो लोक काही वंशज नव्हेत. जन्मावरून माणसाची पायरी ठरवायलाच ज्याने नकार दिला, त्याचे वारस फक्त जन्मावरून कसे मोजणार?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत दिला होता. मग ही रांग विसंगत नाही का? मला वाटतं, आक्षेप घेणारा रांग बघून घरी जातो. त्याने शिवाजी पार्कात यावं. तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात आणि माथा टेकवून आलेलीच माणसं तिथे पुस्तकं चाळत, विकत घेत उभी असतात. अर्थात पुस्तक घेतलं म्हणजे वाचलंच असं नाही. पण आता निदान हा शोधता येण्याजोगा प्रश्न झाला. 'दादरचं छुफू' हा प्रश्नच नव्हता, ती नुसती उपमा होती.

तेव्हा फील्डवर्कला जाल तेव्हा दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पायी करा, आणि 6 डिसेंबर सोडूनही एकदा जा. वहीत वास्तूचं वर्णन कमी लिहा. कोणी बांधलं, खर्च कोण करतं, आणि माणसं परत जाताना हातात काय घेऊन जातात, ते लिहा. साम्य दिसलं की थांबू नका. कामाला सुरुवात तिथून होते.