सोसणे आणि स्वीकारणे : द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

'भावनांवर ताबा ठेवा' हा उपदेश घरांत, शाळांत आणि महाविद्यालयांत सर्रास केला जातो. ताबा नेमका कसा ठेवायचा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ज्यांच्या भावना मुळातच अतिशय तीव्र असतात, त्यांना या उपदेशाचा उपयोग होत नाही; उलट अपाय होतो. आपल्याला जे वाटते तेच चुकीचे आहे, एवढाच अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांनी विकसित केलेली 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी', म्हणजेच द्वंद्वात्मक वर्तनोपचार, नेमक्या याच अडचणीपासून सुरुवात करते. ही पद्धती तीव्र भावना हाताळण्यास कशी साहाय्यभूत ठरते आणि तिच्यातील कौशल्ये मूळ चौकटीतून वेगळी काढली असता काय गमावले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीची जडणघडण

लिनहॅन या सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन व संशोधन करीत. पुन्हा पुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या किंवा स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर त्यांनी आरंभी रूढ वर्तनोपचाराचे प्रयोग केले. त्या उपचारात सारा भर बदलावर होता. रुग्णांना तो दोषारोप वाटला. भर स्वीकारावर दिला, तेव्हा आपल्या यातना कमी करण्यासाठी कोणी काहीच करीत नाही, अशी त्यांची भावना झाली. या दोन टोकांना एकाच वेळी धरून ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म होय. व्यक्ती आज जशी आहे तशी ती समजून घ्यायची आणि तिने बदललेही पाहिजे असा आग्रह धरायचा, या दोन विधानांतील ताण उपचारात जिवंत ठेवला जातो. मराठी वाचकाला 'द्वंद्वात्मक' हा शब्द प्रामुख्याने मार्क्सवादी विचारातून परिचित आहे. येथेही परस्परविरोधी बाजूंच्या संघर्षातून पुढची अवस्था घडते हा मूळ अर्थ कायम आहे. फक्त या संघर्षाचे क्षेत्र एका माणसाचे रोजचे जगणे हे आहे. स्वीकाराची बाजू लिनहॅन यांनी झेन साधनेतून, तर बदलाची बाजू वर्तनशास्त्रातून घेतली.

१९९३ मध्ये त्यांचा मुख्य ग्रंथ आणि कौशल्य-प्रशिक्षणाची पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे २०११ मध्ये लिनहॅन यांनी जाहीरपणे सांगितले की, किशोरवयात त्या स्वतः हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दोन वर्षांहून अधिक काळ दाखल होत्या आणि स्वतःला इजा करून घेत असत. २०२० मधील आत्मकथनात हा प्रवास त्यांनी विस्ताराने मांडला. या माहितीमुळे उपचाराची शास्त्रीय सिद्धता वाढत नाही, हे खरे. परंतु त्याच्या रचनेत रुग्णाच्या बाजूने पाहण्याची दृष्टी कोठून आली असावी, हे समजण्यास मदत होते.

तीव्रतेचे स्पष्टीकरण

या पद्धतीचा पाया जैव-सामाजिक सिद्धान्त हा आहे. काही व्यक्ती जन्मतःच भावनिकदृष्ट्या अधिक संवेदनक्षम असतात. लहानशा कारणाने त्यांची भावना जागी होते, ती फार उंच जाते आणि ओसरण्यास वेळ लागतो. अशा व्यक्तीच्या भावना नाकारणारा परिसर तिला लाभला, 'एवढे काय झाले रडायला?' हेच तिला सतत ऐकावे लागले, तर भावना ओळखणे, तिला नाव देणे आणि ती शमविणे हे शिकण्याची संधीच तिला मिळत नाही. मग टोकाचे वर्तन केल्याशिवाय आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही, हा धडा ती शिकते. स्वभाव आणि परिसर एकमेकांना सतत बिघडवीत जातात. स्वतःला इजा करणे हे या दृष्टीने असह्य भावनेतून सुटण्याचा, घातक असला तरी तात्पुरता लागू पडणारा उपाय ठरते. 'नाटक' किंवा 'लक्ष वेधण्याचा प्रकार' अशी संभावना करणाऱ्या भाषेपेक्षा हे स्पष्टीकरण निश्चितच अधिक न्याय्य आहे.

कौशल्ये आणि त्यांची चौकट

कौशल्यांचे चार गट आहेत : सजगता, क्लेश-सहिष्णुता, भावनियमन आणि परस्परसंबंधांतील परिणामकारकता. एक उदाहरण कल्पून पाहता येईल. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेली एखादी विद्यार्थिनी शरमेने खोलीत कोंडून घेते. सजगतेच्या सरावाने ती 'मी नालायक आहे' हा विचार आणि 'मला शरम वाटते आहे' हा अनुभव यांत फरक करू शकते. आवेग शिगेला पोहोचला असता चेहऱ्यावर अतिशय थंड पाणी घेणे, श्वास संथ करणे यांसारख्या शारीरिक उपायांनी तो क्षण निभावता येतो. थंड पाण्याच्या स्पर्शाने हृदयाची गती मंदावते, ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. नंतर वस्तुस्थिती तपासली जाते. शरम वस्तुस्थितीला धरून नसेल किंवा तिची तीव्रता अवाजवी असेल, तर 'विरुद्ध कृती' सुचविली जाते. शरम लपण्यास सांगते, म्हणून मुद्दाम मैत्रिणींत जायचे. शेवटी, शिक्षकांकडे किंवा पालकांकडे मदत कशी मागायची, नकार कसा द्यायचा, हेही शिकविले जाते.

परंतु ही कौशल्ये म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे. मूळ रचनेत साप्ताहिक वैयक्तिक उपचार, साप्ताहिक कौशल्य-वर्ग, अडचणीच्या क्षणी उपचारकाशी दूरध्वनीवर संपर्क आणि उपचारकांचा स्वतःचा सल्लागार गट अशी चार अंगे आहेत. घातक वर्तन घडले तर त्याच्या आधीच्या घटना, विचार आणि भावना यांची कडी कडीने उकल करणारे 'साखळी विश्लेषण' वैयक्तिक उपचारात केले जाते. सल्लागार गटाची तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. आत्महत्येच्या छायेतील व्यक्तीबरोबर काम करणारा उपचारकही खचतो, चिडतो, हे येथे गृहीत धरले आहे.

विवेकनिष्ठ परंपरेशी तुलना

मराठी वाचकाला मानसोपचाराची ओळख झाली ती बव्हंशी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमुळे. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजविली, तर डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनाने आणि कार्याने ती अनेकांपर्यंत पोहोचली. या परंपरेत भावनेच्या मुळाशी असलेला अविवेकी समज शोधून त्याचे खंडन करण्यावर भर असतो. वादपटुत्वाची आवड असलेल्या मराठी मनाला ही रीत सहज मानवली असावी. लिनहॅन यांचा क्रम निराळा आहे. भावना प्रथम ग्राह्य मानली जाते. या परिस्थितीत या व्यक्तीला असे वाटणे समजण्याजोगे आहे, हे तिला सांगितले जाते आणि मगच बदलाची भाषा येते. एलिस यांनीही विनाअट आत्मस्वीकाराचा पुरस्कार केला होता, त्यामुळे या दोन पद्धती परस्परविरोधी मानणे योग्य ठरणार नाही. तथापि भावनेचा कल्लोळ चालू असताना युक्तिवाद ऐकण्याची क्षमताच उरत नाही, हे ओळखून रचना करण्याचे श्रेय लिनहॅन यांना द्यावे लागते.

पुरावा काय सांगतो?

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या नियंत्रित अभ्यासात आत्मघातकी वर्तन कमी झाले, उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाणही घटले. मात्र नैराश्य आणि हताशा यांबाबत तुलनागटाच्या मानाने लक्षणीय फरक दिसला नाही. वर्तन सावरले तरी दुःख लगेच हटत नाही, हा त्याचा अर्थ. २००६ मधील १०१ स्त्रियांच्या अभ्यासात, अनुभवी तज्ज्ञांच्या अन्य उपचारांच्या तुलनेत, आत्महत्येच्या प्रयत्नांची शक्यता सुमारे निम्मी आढळली. टोरंटो येथील १८० रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासाने मात्र या यशाला मर्यादा घातली : सुनियोजित सर्वसाधारण मनोवैद्यकीय उपचारानेही तितकाच लाभ झाला.

२०१५ मध्ये स्वतः लिनहॅन आणि सहकाऱ्यांनी ९९ स्त्रियांच्या अभ्यासात उपचाराची अंगे वेगळी करून पाहिली. आत्महत्येच्या प्रयत्नांतील घट तिन्ही गटांत सारखीच होती. परंतु कौशल्य-प्रशिक्षण मिळालेल्या गटांत स्वतःला इजा करण्याची वारंवारता अधिक कमी झाली. यावरून कौशल्येच तेवढी पुरेशी आहेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण या अभ्यासात तिन्ही गटांना वर्षभराचा नियमित आधार होता आणि आत्महत्येच्या जोखमीचे पद्धतशीर मूल्यमापनही केले जात होते. कौशल्ये होती ती या आधाराच्या आत.

हा आधार नसता काय होते, याचा इशारा ऑस्ट्रेलियातील २०२३ च्या एका अभ्यासाने दिला. तेथे शाळांतील सुमारे एक हजार सर्वसाधारण मुलांचा अभ्यासात समावेश होता आणि त्यांपैकी एका गटाला या पद्धतीवर बेतलेले आठ तासिकांचे वर्ग देण्यात आले. वर्ग संपल्यानंतर त्या मुलांत नैराश्य व चिंता यांची लक्षणे तुलनागटापेक्षा अधिक आढळली आणि पालकांशी असलेले संबंधही खालावलेले दिसले. ज्यांनी घरी सराव केला त्यांची स्थिती तुलनेने बरी होती. मात्र असा सराव करणारे थोडे होते. तीव्र भावनांनी ग्रासलेल्यांसाठी घडविलेले साधन सरसकट सर्वांना अल्प मात्रेत वाटणे निरुपद्रवी असेलच असे नाही, हे यातून स्पष्ट होते.

स्वीकार की सोशिकपणा?

या पद्धतीतील एक विसंगती येथे नोंदविणे आवश्यक आहे. सिद्धान्त दोषाचा वाटा परिसराकडे देतो. प्रशिक्षण मात्र व्यक्तीला दिले जाते. सर्व समस्या व्यक्तीने निर्माण केलेल्या नसल्या तरी त्या तिलाच सोडवाव्या लागतात, असे एक गृहीतक लिनहॅन मांडतात. व्यवहारात ते खरे असेल. पण अन्याय करणाऱ्याला ते फार सोयीचे आहे. हे निदान स्त्रियांवर अधिक प्रमाणात लादले जाते, अशी स्त्रीवादी अभ्यासकांची टीकाही या संदर्भात विसरता येत नाही.

मराठी समाजात हा धोका अधिक गडद होतो. येथे 'सोशिक' हे स्त्रीचे जुने प्रशस्तिपत्र आहे. छळ सोसणाऱ्या सुनेला 'क्लेश-सहिष्णुता' शिकविली आणि बाकीचे वगळले, तर उपचार आणि 'सहन कर, बाई' यांत काय अंतर राहिले? लिनहॅन यांच्या मांडणीत स्वीकार म्हणजे मान्यता नव्हे आणि शरणागतीही नव्हे. आज वस्तुस्थिती अशी आहे हे डोळे उघडे ठेवून पाहणे, एवढाच त्याचा अर्थ. कारण जे पाहिलेच नाही ते बदलता येत नाही. क्लेश सहन करण्याची कौशल्ये तर केवळ तो क्षण आणखी न बिघडविता पार पाडण्यासाठी आहेत, आयुष्य कंठण्यासाठी नव्हेत. नकार देणे, मागणी करणे, नाते तोडणे हीसुद्धा याच अभ्यासक्रमातील कौशल्ये आहेत. म्हणून मराठीत ही पद्धती आणताना 'सोसणे' आणि 'स्वीकारणे' यांतील भेद राखणे हा भाषेचा प्रश्न आहे तितकाच नीतीचाही आहे.

समारोप

द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे सामर्थ्य तीव्र भावनेला शत्रू न मानता तिला हाताळता येईल असे रूप देण्यात आहे. त्यासाठी लागणारा वेळ, खर्च आणि प्रशिक्षित मनुष्यबळ सर्वत्र उपलब्ध नाही, ही त्याची मोठी मर्यादा होय. ही मर्यादा ओलांडण्यासाठी महाविद्यालयांत एका दिवसाची कार्यशाळा घेऊन कौशल्यांची यादी वाटणे हा मार्ग सोपा असला तरी पुरेसा नाही. वर्गात अचानक संतापणाऱ्या किंवा रडणाऱ्या विद्यार्थ्याला योग्य उपचारकाकडे पाठविणे, तो परत आल्यावर त्याची विचारपूस करीत राहणे आणि 'एवढे काय झाले?' हा प्रश्न आधी स्वतःच गिळणे, एवढे तरी प्रत्येक अध्यापकाला शक्य आहे. भावना नाकारणारा परिसर आपण स्वतःच तर नाही ना, हे तपासण्यापासून या पद्धतीचा खरा स्वीकार सुरू होईल.